मेट्रनबाई हॉस्टेलात राहायला गेल्या

शिरूरच्या मिशन कंपाउंडात कृपाबाई रणपिसे हे नाव निघालं, की चाळिशी ओलांडलेल्या बायकासुद्धा नकळत पदर सारखा करतात. मिशनच्या मुलींच्या बोर्डिंगात कृपाबाईंनी मेट्रन म्हणून उभी हयात काढली. पहाटे घंटा, मग प्रार्थना, मग अंथरुणांची तपासणी. चादरीचे कोपरे जुळले नाहीत, तर त्या ती चादर उचलून अंगणात टाकत आणि मुलीला म्हणत, "प्रभू कबरेतून उठला तवासुद्धा डोक्याचा रुमाल घडी करून मगच बाहेर आला. तुला काय एवढी घाई हाय?" कुणाच्या ट्रंकेत चिवडा आहे हे त्यांना बंद झाकणावरून कळे. एखादी मुलगी तापाचं निमित्त करून शाळा बुडवू लागली, तर कृपाबाई कपाळाला हातसुद्धा लावत नसत. नुसत्या तिच्या डोळ्यांत बघत, आणि ताप उतरे.

पण काळ बदलला. इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बसा गावोगाव दारात येऊन पोरं उचलायला लागल्या. बोर्डिंगात मुलींपेक्षा खाटा जास्त झाल्या आणि एका उन्हाळ्यात मिशननं बोर्डिंग बंद केलं. कृपाबाईंना शाल, फ्रेम केलेलं एक वचन आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. त्या घरी आल्या.

घरी यजमान होते, दानिएलराव. रांजणगावच्या एका कंपनीतून ते नुकतेच रिटायर झालेले. जन्मभर शिफ्टच्या हिशेबानं उठलो, आता खिडकीत ऊन आल्याशिवाय डोळा उघडायचा नाही, असा त्यांनी मनाशी पण केला होता. तो आठवडाभरही टिकला नाही. अख्ख्या बोर्डिंगची शिस्त एकट्या दानिएलरावांच्या वाट्याला आली. त्यांच्या चादरीची तपासणी होऊ लागली. त्यांचा तंबाखूचा डबा जप्त झाला. चर्चमध्ये ते पेंगले, तर मागून पाठीत बोट येई.

त्यांचा मुलगा ब्लेसन कारेगावला कंपनीत कामाला होता आणि बायकोसह तिथंच राहत होता. सून जस्मिन हुशार. सासऱ्यांची रया गेलेली पाहून ती एका रविवारी सहज म्हणाली, "आई, मुक्त विद्यापीठातून तुम्ही बीए केलंत, ते काय कपाटात ठेवायला? पुण्याला जाऊन एमए करा की."

"या वयात?"

"वयाची अट न्हाई, मी बघितलंय," दानिएलराव इतक्या तातडीनं म्हणाले, की सगळे त्यांच्याकडं बघायला लागले.

कृपाबाईंच्या मनात मात्र ती गोष्ट फार जुनी होती. लग्नाआधी त्यांना मराठी घेऊन शिकायचं होतं. मग लग्न झालं, ब्लेसन झाला, बोर्डिंग गळ्यात पडलं, आणि दुसऱ्यांच्या मुलींना अभ्यासाला बसवता बसवता स्वतः बसायचं राहून गेलं. त्यांनी फॉर्म भरला, परीक्षा दिली, आणि पुण्यातल्या एका विद्यापीठात त्यांना एमएला प्रवेश मिळाला. वय वर्षं चोपन्न.

सुरुवातीला त्यांनी शिरूरहून एसटीनं ये-जा करून बघितली. पण नगर रोडला वाघोलीच्या अलीकडं एसटी अशी काही उभी राही, की लोक खाली उतरून, चहा पिऊन, परत आपापल्या सीटवर येऊन बसत. पहिल्या आठवड्यात कृपाबाईंना भाषाविज्ञानाचा एकही तास ऐकायला मिळाला नाही. वर्गात पोचेपर्यंत सर फळा पुसत असत. शेवटी त्यांनी हॉस्टेलचा अर्ज केला. अर्जात 'स्थानिक पालक' असा एक रकाना होता. दानिएलराव शिरूरला आणि ब्लेसन कारेगावला, म्हणजे पुण्याच्या तेवढाच जवळ. कृपाबाईंनी तिथं ब्लेसनचं नाव घातलं आणि नात्याच्या जागी 'मुलगा' असं लिहिलं. खिडकीवरच्या क्लार्कनं ते दोनदा वाचलं आणि शिक्का मारला.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. दोन खाटा, दोन टेबलं, दोन कपाटं आणि मधे एक माणूस आडवा होईल एवढी फरशी. कृपाबाई आपल्या खाटेवर चादर ताणून घालत होत्या, तेवढ्यात दारातून आधी शेंगांचं पोतं आत आलं, मग लोणच्याची बरणी, मग गादी, आणि त्या सगळ्याच्या मागून पांढऱ्या शर्टातले, गॉगल लावलेले एक गृहस्थ. हे मारुतराव, दौंडकडचे बागायतदार आणि गावच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्यामागं त्यांची मुलगी नीलम मान खाली घालून उभी होती; तिनंही एमएला मराठीच घेतलं होतं.

"रामराम ताई," मारुतराव म्हणाले. "तुमची लेक कुठं गेली?"

"मला लेक न्हाई," कृपाबाई म्हणाल्या.

"मग सुनंला सोडाया आलाव का?"

"सून कारेगावला असती."

मारुतरावांनी खाटेकडं बोट केलं. "मग ही खाट कुनाची म्हनायची?"

"माझी. मी एमएला हाय."

मारुतरावांनी गॉगल काढला आणि कृपाबाईंना वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. पांढरी साडी, चष्मा, कानाच्या मागं चापून बसवलेले केस. "म्हंजी तुमी हितं ऱ्हानार? पोरीच्या संगं?"

"दोन वर्षं."

मारुतरावांनी दोन्ही हात जोडले. "लै ब्येस झालं. मला आपली एकच काळजी व्हती, पोरगी पुन्यात कुनाच्या संगतीला लागती आन् काय करती. आता तुमी हाय म्हनल्यावर माजं काम झालं. चुकली तर दोन ठिवून द्या. मला इचारायची गरज न्हाई."

दौंडहून गाडीत बसल्यापासून नीलमनं पुण्याची जी जी स्वप्नं पाहिली होती, ती सगळी त्या क्षणी गाशा गुंडाळून परत दौंडला निघाली.

आणि तिची भीती खोटी नव्हती. हॉस्टेलात घंटा नव्हती, म्हणून काय झालं? दुसऱ्या दिवशी पहाटे कृपाबाईंनी स्टीलच्या ताटावर डाव हाणला. अख्खा मजला दचकून उठला. एक मुलगी भूकंप झाला म्हणून जिन्यापर्यंत धावत गेली. तिसऱ्या दिवशी कृपाबाईंनी शेजारच्या दोन खोल्यांची दारं ठोठावून आतल्या मुलींना अंघोळीच्या रांगेत उभं केलं. चौथ्या दिवशी जुन्या सवयीनं नीलमची चादर उचलून व्हरांड्यात टाकली, आणि वर कबरेतल्या रुमालाची गोष्ट सांगितली. नीलम माळकऱ्याच्या घरातली, तिला ही कथा ठाऊक नव्हती. ती घाबरून म्हणाली, "कोण उठलं, मावशी?"

महिनाभरात मजल्यावरच्या मुली रेक्टरला घाबरायचं सोडून कृपाबाईंना घाबरायला लागल्या. त्यांची चाहूल लागली की गाणी बंद होत, खिदळणं थांबे, मोबाईल उशीखाली जात. शेवटी सगळ्या मिळून रेक्टर मॅडमकडं गेल्या आणि रेक्टर मॅडमनी कृपाबाईंना बोलावणं धाडलं.

रेक्टर मॅडम पस्तिशीच्या, संख्याशास्त्र शिकवणाऱ्या, शांत बाई. "बसा," त्या म्हणाल्या. "शिरूरला तुम्ही कोण होता ते मला कळलं. इथं तुम्ही कोण आहात?"

कृपाबाई म्हणाल्या, "विद्यार्थिनी."

"मग विद्यार्थिनीसारखं राहा ना. मुलींना उठवायचं काम विद्यापीठानं तुम्हाला दिलेलं नाही. मलाही दिलेलं नाही."

"पण मॅडम, पोरी नऊ-नऊ वाजेपर्यंत लोळतात."

"सुट्टीच्या दिवशी मीपण लोळते," रेक्टर मॅडम म्हणाल्या.

कृपाबाई उठल्या. ज्या खुर्चीत त्या जन्मभर बसल्या, त्या खुर्चीतलं माणूस असं बोलतं, हे त्यांनी ऐकलं नव्हतं. त्या खोलीवर आल्या, जेवल्या नाहीत. सकाळी जाग आली, पण रागानं भिंतीकडं तोंड करून पडून राहिल्या. झोपा म्हणता ना, मग झोपते. आणि पडल्या पडल्या खरंच डोळा लागला.

जाग आली तेव्हा पायावर ऊन होतं, आणि नीलम त्यांच्या नाकापुढं बोट धरून उभी होती.

"काय करतीस गं?"

"श्वास बघत व्हते, मावशी," नीलम म्हणाली. "साडेआठ वाजले. मी म्हणलं, पप्पांना फोन करावा का कुणाला करावा."

कृपाबाई आढ्याकडं बघत पडून राहिल्या. आता आपल्याला अपराधी वाटणार, अशी त्यांनी वाट बघितली. बराच वेळ झाला तरी काही वाटेना. मग त्यांनी कूस बदलली.

तिथून जी उतरण लागली ती लागलीच. मेट्रन असताना जे जे जप्त केलं होतं, ते ते एकेक करून कृपाबाईंनी स्वतः करून पाहिलं. खोलीत विजेची केटल ठेवायला हॉस्टेलात बंदी होती. कृपाबाईंनी ती आणली आणि ट्रंकेत बायबलच्या नव्या करारावरच्या भाष्याच्या मागं ठेवली. दुपारी तास नसला, की त्या आणि नीलम दार लावून मॅगी करत. पहिल्यांदा खाल्ली तेव्हा कृपाबाईंनी चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, "इतकी वर्षं मी ही मुलींच्या ट्रंकेतनं काढून झाडूवाल्या मालनबाईला देत होते. त्या बयेनं एकदासुद्धा सांगितलं न्हाई, की ही एवढी चांगली लागती."

त्या व्हरांड्यात केस वाळवत बसायला लागल्या. कुणाचं कुणाशी जमलं, कुणाचं फिसकटलं, याची माहिती ठेवायला लागल्या. बोर्डिंगातही त्यांना ती माहिती असे, पण तेव्हा ती चौकशी होती. आता त्या गप्पा होत्या. भाषाविज्ञानाच्या तासाला शेवटच्या बाकावर बसून त्यांनी एकदा नीलमला चिठ्ठीसुद्धा पाठवली. चिठ्ठीत 'भूक लागली' एवढंच होतं.

एक दिवस तास रद्द झाला म्हणून कृपाबाई दुपारी लवकर खोलीवर आल्या. बघतात तर दोन खाटांच्या मधल्या फरशीवर एक सडपातळ मुलगी पांघरूण घेऊन गाढ झोपली होती. डोकं दुखतंय म्हणून तासाला न आलेली नीलम खाटेवर बसून नखं खात होती.

"ही कोण?"

"पिंकी," नीलम म्हणाली. "कुरकुंभची हाय. दौंडच्या कॉलेजात माझ्यासंगं व्हती, हितं इतिहासाला हाय. मावशी, ती पॅरासाइट हाय."

"असं कुणाला बोलू न्हाई," कृपाबाईंनी झापलं.

"शिवी न्हाई ती. हॉस्टेलात तसंच म्हणतात. जिला खाट मिळत न्हाई ती दुसरीच्या खोलीत गुपचूप ऱ्हाती, तिला पॅरासाइट म्हणायचं."

"कवापासून ऱ्हाती?"

"हितं आठ दिवस झाले. आधी ती पलीकडच्या खोलीत होती. तुमी पहाटं ताट वाजवायचा ना, तवा. आता तुमी सुधारलाव म्हणून मी तिला हिकडं आणली. रात्री तुमी घोरायला लागलाव की ती आत येती. तुमी आठाच्या आत उठत न्हाई आन् ती सातलाच बाहेर पडती."

कृपाबाई खाटेवर बसल्या. पिंकी जागी झाली, त्यांना बघून उठून उभी राहिली आणि पांघरुणाची घडी छातीशी धरून रडवेल्या आवाजात सगळं सांगून मोकळी झाली. वडील दत्ता कुरकुंभच्या केमिकल कंपनीत शिफ्टला. हॉस्टेलात नंबर लागला नाही. घरून यायचं तर जीपनं दौंड, दौंडहून रेल्वेनं पुणे, तिथून पुढं सिटी बस. जाण्यायेण्यातच दिवस जाई आणि गाडीत उभ्यानं वाचता येत नसे.

वाघोलीत अडकलेली एसटी कृपाबाई विसरल्या नव्हत्या. पण नियम म्हणजे नियम. "मी उद्या रेक्टर मॅडमना सांगणार," त्या म्हणाल्या. "आजचा दिवस ऱ्हा."

सकाळी त्यांना जाग आली तेव्हा पिंकी निघून गेली होती. भिंतीशी तिचं अंथरूण ठेवलेलं होतं. कृपाबाई ते बघून उठून बसल्या. मग उठून जवळ गेल्या. कोपऱ्याला कोपरा, काठाला काठ, एक सुरकुती नाही. मेट्रन म्हणून एवढी वर्षं घसा कोरडा केला, पण अशी घडी एकाही मुलीनं घातली नव्हती. त्या त्या अंथरुणाभोवती फिरून आल्या. संध्याकाळी पिंकीला विचारलं, "घडी घालायला कुणी शिकवलं तुला?"

"आमच्या बापानं," पिंकी म्हणाली. "कंपनीत सेफ्टीवाले त्येच्या मागं लागत्यात, सगळं जिथल्या तिथं ठेवा म्हणून. त्यो घरी येऊन आमच्या मागं लागतो."

कृपाबाई रेक्टर मॅडमकडं गेल्या नाहीत. उलट दुसऱ्या दिवसापासून केटलमधली मॅगी तिघींत वाटली जाऊ लागली.

असे बरेच दिवस बरे गेले. मग एका रविवारी दुपारी कृपाबाई चर्चहून येऊन, जेवून, पिंकीला पुढ्यात बसवून तिच्या डोक्याला तेल लावत होत्या. नीलम कंगवा घेऊन बाजूला बसली होती. तेवढ्यात व्हरांड्यात पळापळ झाली आणि कुणीतरी दबक्या आवाजात सांगत गेलं, "चेकिंग आलंय."

पिंकी खाटेखाली शिरायला वळली. कृपाबाईंनी तिची अर्धी घातलेली वेणी धरून तिला जागेवर बसवली. "गप बस. खाटेखाली सगळ्यांत आधी बघतात. मीपण तिथंच बघायची."

रेक्टर मॅडम दारात आल्या. मागं एक शिपाईबाई. मॅडमनी खोलीत नजर फिरवली आणि ती पिंकीवर थांबली. "ही कोण?"

खोटं बोलणाऱ्या मुलींचे सतराशे साठ प्रकार कृपाबाईंनी पाहिले होते, पण त्यांना स्वतःला सराव नव्हता. आणि सराव नसलेला माणूस बोलायला गेला, की एकदम मोठंच बोलून जातो.

"माझी लेक," कृपाबाई म्हणाल्या.

नीलमच्या हातातून कंगवा पडला.

रेक्टर मॅडमनी पाहिलं. आईच्या पुढ्यात बसलेली मुलगी, तेलाची वाटी, हातात वेणी. शंका घ्यायला कुठं जागाच नव्हती. त्यांना प्रश्न पडला तो वेगळाच. "पालकांनी मुलीला भेटायला यायचा नियम आहे," त्या शिपाईबाईला म्हणाल्या. "मुलीनं आईला भेटायला आल्यावर काय करायचं?"

शिपाईबाई म्हणाली, "असं आजवर झालंच न्हाई, मॅडम."

मॅडमनी थोडा विचार केला. "राहू दे दोन-तीन दिवस पाहुणी म्हणून. लांबून आली असेल. नाव काय गं तुझं?"

"पिंकी."

"छान. वडिलांवर गेलीस वाटतं."

"व्हय, सगळी म्हणत्यात तसं," पिंकी म्हणाली, आणि ते खरंच होतं.

मॅडम गेल्या. नीलम उशीत तोंड खुपसून हसत सुटली. कृपाबाईंना काही हसू आलं नाही. त्या दिवशी त्यांनी संध्याकाळची प्रार्थना दोनदा केली आणि दुसऱ्या वेळेला ती बरीच लांबली.

देवानं ती ऐकली असेल, पण दानिएलरावांना कुणी काही कळवलं नव्हतं. बायको पुण्याला गेल्यापासून दानिएलराव स्वयंपाक शिकले होते. जस्मिन फोनवरून सांगे आणि ते करत. त्या मंगळवारी त्यांना मटण पहिल्यांदाच मनासारखं जमलं. ते त्यांनी डब्यात भरलं, भाकरी फडक्यात बांधल्या आणि एसटीनं पुणं गाठलं. हॉस्टेलच्या गेटवर वहीत नाव लिहीत होते, तेव्हा रेक्टर मॅडम तिथून चालल्या होत्या.

"रणपिसे?" मॅडम थांबल्या. "म्हणजे कृपाबाईंचे मिस्टर. बरं झालं भेटलात. रविवारी तुमच्या मुलीला भेटले. गोड आहे हो."

"कुणाच्या?" दानिएलराव म्हणाले.

"तुमच्या. पिंकीला."

दानिएलराव सावकाश विचार करणारे गृहस्थ. त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "मॅडम, आमाला एकच पोरगा हाय. ब्लेसन."

"मग पिंकी कोण?"

"ते मला घरात इचारावं लागंल," दानिएलराव म्हणाले.

इतक्यात डबा आल्याचा निरोप मिळून कृपाबाई हसतमुखानं जिना उतरून आल्या. समोर नवरा आणि रेक्टर मॅडम शेजारी शेजारी उभे. दानिएलरावांचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. उलट एखादी वस्तू कुठं ठेवली ते विचारावं, तसं त्यांनी विचारलं, "कृपा, आपल्याला पिंकी नावाची मुलगी हाय का?"

कृपाबाईंनी नवऱ्याकडं पाहिलं, मॅडमकडं पाहिलं, आणि दुसरं खोटं काही त्यांना सुचेना. तिथंच, गेटवर, त्यांनी सगळं सांगून टाकलं. पिंकी, पॅरासाइट, जीप, रेल्वे, आणि ओघात केटलही. केटलबद्दल खरं तर कुणी विचारलं नव्हतं.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. "लेखी माफी द्या. ती मुलगी आठवड्यात दुसरीकडं गेली पाहिजे. आणि तुमच्या स्थानिक पालकांना घेऊन या."

ब्लेसननं हाफ डे टाकला आणि कंपनीच्या युनिफॉर्मातच आला. आई रेक्टरच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर हात मांडीवर घेऊन बसली होती. त्याचं सगळं लहानपण बोर्डिंगच्या अंगणात गेलेलं. कुणाकुणाचे बाप टोपी हातात घेऊन आईसमोर कसे उभे राहत, ते त्यानं खिडकीतून पाहिलं होतं. आता तो स्वतः टोपी काढून, आईला घेऊन आत गेला. टोपी कंपनीची होती, एवढाच फरक.

मॅडमनी त्याला सगळी हकिगत सांगितली. ब्लेसन खाली बघत ऐकत होता. "मॅडम, घरी असताना ती अशी नव्हती," तो शेवटी म्हणाला. "संगतीचा परिणाम असंल."

"आणि खोलीत केटल ठेवली होती."

ब्लेसननं मान वर करून आईकडं पाहिलं. "केटलपण?"

कृपाबाई खिडकीबाहेर बघायला लागल्या.

"मी समजावतो, मॅडम. पुन्हा तक्रार येणार न्हाई. आली, तर मी तिला घरी घेऊन जातो."

मॅडमनी फाईल उचलली आणि ती तोंडासमोर जरा जास्तच वेळ धरली. फाईल खाली आली तेव्हा त्यांचे डोळे ओले होते. "ठीक आहे. या वेळेला सोडते," त्या म्हणाल्या.

बाहेरच्या टपरीवर ब्लेसननं आईला चहा आणि क्रीमरोल घेऊन दिला. मग जवळ बसून म्हणाला, "आई, आपण हितं कशासाठी आलोय? अभ्यासाला. मग अभ्यास कर. दुसऱ्यांच्या भानगडीत पडू नको. तुझ्यासाठी पप्पा हाल काढतात."

"पप्पांना मटण जमायला लागलंय," कृपाबाई म्हणाल्या.

"विषय बदलू नको."

त्यांनी क्रीमरोल संपेपर्यंत ऐकून घेतलं. मुलगा बोलत होता ते सगळं बरोबर होतं. त्यातलं निम्मं त्यांनीच कधी ना कधी कुणाला तरी ऐकवलेलं होतं. पण ऐकून घेताना ते इतकं कंटाळवाणं वाटतं, हे त्यांना नव्यानंच कळत होतं. ब्लेसन गाडीला किक मारता मारता म्हणाला, "पोचलीस की फोन कर." त्या हॉस्टेलच्या गेटसमोरच उभ्या होत्या. तरी वर जाऊन त्यांनी फोन केला.

पिंकीला आता कुठं ठेवायचं, हा प्रश्न होता. कृपाबाईंनी दोन दिवस फोन फिरवले. पुण्यात मिशनचं एक जुनं महिला वसतिगृह होतं आणि तिथल्या मेट्रन अनसाबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. अनसाबाई म्हणाल्या, एक खाट आहे, पण आमच्याकडं शिस्त फार. कृपाबाई म्हणाल्या, शिस्तीचं मला सांगू नका. रिक्षात पिंकी, तिची ट्रंक आणि नीलम यांना घालून त्या स्वतः सोडायला गेल्या. अनसाबाईंनी चष्म्यावरून विचारलं, "पोरगी कशी हाय?" कृपाबाईंनी पिंकीचं अंथरूण उघडलं आणि तिला म्हणाल्या, "घाल घडी." पिंकीनं घातली. अनसाबाई उठून उभ्या राहिल्या आणि दारातल्या एका मुलीला म्हणाल्या, "खिडकीकडची खाट दे तिला."

पंधरा दिवसांनी पिंकीचा फोन आला. "मावशी, हितं पहाटं घंटा वाजती."

"मग तू काय करतीस?"

"उठते."

"एक दिवस उठू नको," कृपाबाई म्हणाल्या. "बघ काय होतंय."

त्यानंतरच्या रविवारी अनसाबाईंचा फोन आला. त्या फार रागावल्या होत्या आणि बराच वेळ बोलत होत्या. कृपाबाईंनी फोन उशीवर ठेवून शेंगा सोलल्या आणि मधेमधे "व्हय, व्हय" म्हणत राहिल्या.

पहिल्या वर्षाची परीक्षा झाली. नीलम आणि कृपाबाईंनी अभ्यास केला तो खरा; कृपाबाईंनी तर भाषाविज्ञानाच्या व्याख्या तोंडपाठ केल्या होत्या. पण पेपरात व्याख्या विचारल्या नाहीत, उदाहरणं विचारली. निकाल लागला तेव्हा त्या सुट्टीला शिरूरला होत्या. नीलमनं दौंडहून फोन करून सांगितलं. ती पास होती. कृपाबाई बाकी सगळ्यात पास, भाषाविज्ञानात नापास.

बातमी जस्मिननं चर्चमधल्या एका बाईला विश्वासानं सांगितली, आणि रविवारी पाळकसाहेबांनी आजारी, प्रवासी आणि बेरोजगार यांच्यासाठी प्रार्थना करून झाल्यावर, डोळे न उघडता, "आमच्या भगिनी कृपाबाई आणि त्यांचा भाषाविज्ञान हा विषय" यांच्यासाठीही प्रार्थना केली. सगळ्या मंडळीनं आमेन म्हटलं. उपासनेनंतर बायका एकेक करून जवळ आल्या. कुणी हात दाबला, कुणी म्हणालं, या वयात एवढं केलंत हेच खूप, आता पुरे करा.

"पुरे कसं?" कृपाबाई म्हणाल्या. "विषय राह्यलाय माझा. परत बसावं लागंल."

घरी आल्यावर दानिएलरावांनी भात उकळायला ठेवला आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "म्हंजी दोन वर्षांत हे संपंल असं न्हाई?"

"पुढच्या वर्षीपण एखादा राहू शकतो," कृपाबाई म्हणाल्या. "भाषाविज्ञान लै अवघड असतं."

दानिएलरावांनी बायकोकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर नापास झालेल्या माणसाचं दुःख कुठं दिसेना. मग ते भाताकडं वळले आणि म्हणाले, "मग पुढच्या खेपेला मासळी आणतो. नीलमला चालती का ते इचारून ठेव."